गाडीच्या तीन मीटरांचा ५२ मिमी संच: काटे भरवशाचे, पितळी टी नाही

गाडीच्या डॅशबोर्डवर लावायच्या, ऑनलाइन मिळणाऱ्या या बिनब्रँडच्या संचात ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि व्होल्ट असे तीन मीटर, दोन सेन्सर, एक पितळी टी (तीन तोंडांचा जोड), वायरींचा जुडगा आणि मीटर मागून आवळायच्या यू-पट्ट्या येतात. पॅनल मात्र आपणच करायचं, आणि ते बरंच आहे. तयार मिळणारी पॅनलं बहुधा पातळ प्लास्टिकची असतात, उन्हात वाकतात.

पॅनलला २ मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्रा घ्यावा. अ‍ॅक्रिलिक नको, भोक पाडतानाच तडकतं. भोक ५२ चं असलं तरी मीटरची कडी त्याहून मोठी असते, म्हणून दोन भोकांच्या मध्यांत ६५ मिमी अंतर ठेवावं. तिघांसाठी साधारण २०५ × ७० मिमीचा तुकडा पुरतो. स्टिरिओच्या सिंगल डिन (ठरावीक मापाच्या) खाचेत बसवायचा विचार असेल, तर खाचेची उंची जेमतेम ५० मिमीच्या आसपास असते. पत्रा खाचेच्या आत बसणार नाही, वरूनच झाकावा लागेल. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून स्टिअरिंगमागून काटे दिसतात का ते पाहावं. मग पत्रा प्लायवर घट्ट आवळून होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) अगदी कमी वेगाने, रॉकेलचे थेंब सोडत चालवावा. घाई केली की दातांत अ‍ॅल्युमिनियम भरतं आणि भोक लंबगोल होतं. कडा अर्धगोल कानशीने साफ. रंगाआधी एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला हात) मारला नाही तर काळा मॅट रंग पापुद्र्यासारखा निघतो.

खरी अडचण बॉनेटखाली आहे. संचातले आटे १/८ एनपीटी या अमेरिकन मापाचे, म्हणजे इंचाला २७ आटे. सुझुकी, टोयोटा, होंडाच्या इंजिनांवर ऑइल स्विचचे (डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा लावणाऱ्या स्विचचे) आटे बहुतेक १/८ बीएसपीटी या ब्रिटिश मापाचे असतात, इंचाला २८. त्यामुळे संचातलं फिटिंग एक-दोन फेरे छान जातं, मग जड लागतं. तिथेच थांबावं. पान्याने रेटलं तर ब्लॉकचे आटे गेले समजा. हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात जोडणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो.

शिवाय ऑइलचा सेन्सर चांगला जड डबा आहे. डिझेल इंजिनाच्या थरथरीत तो टीवर लोंबकळत राहिला तर पितळी मान तडकते आणि तेल रस्त्यावर सांडतं. टी इंजिनावर ठेवूच नये. इंजिनापासून ब्रेडेड होज (जाळीचं वेष्टण असलेली नळी) घेऊन टी आणि सेन्सर गाडीच्या बॉडीला क्लॅम्प करावेत. मग सेन्सरला स्वतंत्र अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी) वायर हवी, कारण एका वायरीचा सेन्सर अर्थ आपल्या धातूच्या अंगातूनच घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तरी हाच घोळ होतो: काटा वेडावाकडा नाचतो आणि दोष मीटरला लागतो. कंपनीचा मूळ ऑइल स्विच टीच्या दुसऱ्या तोंडाला राहू द्यावा, लाल दिवा जिवंत हवा.

तापमानाचा सेन्सर वरच्या रेडिएटर होजमध्ये अ‍ॅडॉप्टर टाकून बसतो. रबरामुळे इथेही वेगळा अर्थ लागतो. पाणी कमी झालं की सेन्सर वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येतो, हे ध्यानात असू द्या.

बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा, त्याचं अंग बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून. मुंबईत १००, पुण्यात उंचीमुळे साधारण ९८ अंश दिसायला हवं. या संचाचा काटा दोन-तीन अंशांच्या आत उतरतो, या वर्गात एवढं पुष्कळ.

व्होल्ट मीटरची लाल वायर ब्लोअरच्या लाइनवर मारू नका. ब्लोअर चालू झाला की काटा पडतो आणि लोक उगाच अल्टरनेटर उघडतात. चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या स्वतंत्र लाइनवरून ३ अँपिअरचा फ्यूज टाकून घ्यावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. दिव्याची वायर पार्किंग लाइटला. पांढरा एलईडी रात्री डोळ्यांत जातो आणि काचेवर उमटतो. मीटरला वरून कपाळपट्टी (छोटा आडोसा) केली तर प्रतिबिंब जातं, झगमगाट उरतोच.