475 ग्रॅमची बीटी बॅग आणि कामगंध दोरी: गुलाबी बोंडअळीवर कशाचा किती भरवसा?

मराठवाड्यात कापसाचं रान एकरापेक्षा बॅगेत जास्त मोजतात. बीटी बियाण्याची, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेल्या बियाण्याची, ही बॅग आता 475 ग्रॅमची झालीय. 2025च्या हंगामात बीजी-2चा (दोन बीटी जनुकांच्या बियाण्याचा) कमाल दर 901 रुपये होता. आतलं साधारण 25 ग्रॅम बी बिगर-बीटी असतं, पण सगळ्याला एकच रंग चोळलेला, त्यामुळं निवडून काढता येत नाही. पूर्वी 450 ग्रॅम बीटीसोबत बिगर-बीटीची 120 ग्रॅमची वेगळी पुडी यायची. तिच्या ओळी शेताच्या चौफेर लावायच्या होत्या, प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी बांधावरच पडून राहायची. आता बिगर-बीटी लावणं टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नाही, आणि त्यासाठी नव्या बॅगेला पूर्ण गुण. फक्त ती उशिरा आली.

किती उशिरा, ते पतंगांच्या मीलनाच्या हिशेबात दिसतं. बीटीला दाद न देणारी जनुकं अळीत बहुतांशी अप्रभावी असतात. आई आणि बाप, दोघांकडून एकेक प्रत आली तरच अळी बीटीचं बोंड खाऊन जगते. एकच प्रत असली तर मरते. समजा, परिसरातल्या पतंगांत या जनुकाचं प्रमाण शंभरात एक आहे. मग दुहेरी प्रतीची अळी दहा हजारांत एक निघते आणि एकेरी प्रतीच्या जवळपास दोनशे. साध्या (बिगर-बीटी) झाडांवरून भरपूर साधे, म्हणजे हे जनुक नसलेले पतंग उडाले, की त्या एकट्या प्रतिकारक पतंगाला जोडीदार साधाच मिळतो. पुढची पिढी एकेरी प्रतीची होते आणि बीटीच्या बोंडात संपते. आता हेच प्रमाण शंभरात पन्नासवर न्या. चारांतली एक अळी दुहेरी प्रतीची! 4 बाय 1.5 फुटांवर एकरी 7,260 झाडं बसतात, त्यातली साडेतीनशे साधी झाडं तिथं काय पुरणार?

बीटी कापूस देशात 2002 साली आला, दोन जनुकांचा बीजी-2 2006 साली. पहिल्या जनुकाच्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाही, हे गुजरातमधल्या नमुन्यांवरून 2010 साली जाहीर झालं. 2014-15च्या सुमारास दुसऱ्याचीही तीच गत झाली आणि 2017 साली गुलाबी अळीनं महाराष्ट्रात काय केलं, ते परभणी-जालन्याकडं वेगळं सांगायला नको. एवढ्या वेगात हे झालं त्याला आपलं संकरित बीही कारण आहे. संकरित झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळं झाड बीटीचं असलं, तरी त्याच्या बोंडातली चारांतली एक सरकी त्या जनुकाशिवाय तयार होते. अळी खाते ती सरकीच. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दाणे मिळतात, म्हणजे विषाचा डोस पातळ होतो. अशा पातळ डोसात एकेरी प्रतीच्या अळ्याही तगतात आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. बीटीवर वाढलेली प्रतिकारक अळी जरा सावकाश वाढते. तिचा पतंग बाहेर येईतो साधे पतंग आपापसांत जुळून गेलेले असू शकतात.

तुरीबद्दलही एक गैरसमज आहे. कापसात तुरीच्या ओळी असल्या की 'आश्रय पीक (साधे पतंग पोसणारं बिगर-बीटी पीक) झालंच' असं दुकानदार सांगतात. हे अमेरिकन बोंडअळीपुरतं खरं आहे, कारण ती तूर खाते. गुलाबी अळी कापूस आणि भेंडीच्या गोतावळ्याबाहेर सहसा जात नाही, तुरीतून तिचा एकही साधा पतंग मिळायचा नाही. चोरून येणाऱ्या '4जी', '5जी' बियाण्याचा तर विचारच नको. तिथं मिसळ किती आणि जनुक कोणतं, याला कुणीच जबाबदार नाही.

थोडक्यात, बॅग घ्यावी ती अमेरिकन अळीसाठी. गुलाबीसाठी पैसा मीलन तोडण्यावर लावावा.

त्यासाठी कामगंध दोरी आहे. मादीच्या गंधासारखं गॉसिप्लुर त्यातून हळूहळू सुटत राहतं, सगळं रान त्या वासानं भरतं आणि नराला मादी सापडत नाही. एकरी 160 दोऱ्या लागतात, म्हणजे दर साडेसोळा फुटांवर एक. पेरणीनंतर 45 ते 50 दिवसांनी, पाते (कळ्या) धरायला लागले की झाडाच्या वरच्या भागात फांदीला बांधायच्या. ऊन आणि वाऱ्याकडच्या कडेला जरा दाट. हातमोजे घालूनच बांधा. वस्तू चांगली आहे, पण एकट्याच्या दोन एकरांत तिचा उपयोग कमी. शेजारच्या रानात जुळलेली मादी उडत येते आणि तुमच्या बोंडावर अंडी घालते. सलग शिवारानं मिळून बांधली तर फरक दिसतो, तोही पतंग कमी असतानाच. दाटी झाली की वास न घेताही गाठ पडते. जी कीड तगते तिचीच पैदास वाढते, हा निवडीचा नियम दोरीलाही लागू आहे. जपानमधल्या चहाच्या मळ्यांत गंधातला एकच घटक वापरत राहिल्यावर तिथल्या किडीनं त्यालाही दाद देणं सोडलं होतं.

आणखी एक फसगत. दोरी बांधलेल्या रानातला कामगंध सापळा (मादीच्या गंधानं नर पतंग पकडणारा) रिकामा राहणारच, कारण नराला तोही सापडत नाही. तिथं सापळ्यावर न जाता एकरी 20 हिरवी बोंडं चिरून बघा. दोनांत अळी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या (अळी लागल्यामुळं न उमललेली फुलं) दिसताच तोडून नष्ट करायच्या. दोरी नसलेल्या रानात एकरी 2 सापळे, झाडाच्या शेंड्याच्या फूटभर वर, आणि पीक वाढेल तसे वर सरकवत. सलग 3 रात्री सापळ्यामागे दर रात्री 8 पतंग, ही धोक्याची पातळी. दुकानात ल्युर (सापळ्यात ठेवायची गंधाची कुपी) घेताना पाकिटावर गुलाबी अळीचं 'पेक्टिनो' आहे का बघा. अमेरिकन अळीचं 'हेली' हातात पडलं, तर महिनाभर सापळा रिकामा बघून समाधान मानाल. एका सापळ्यात दोन्ही कोंबू नयेत.

दोरीचा असर साधारण 90 दिवस टिकतो. जूनच्या मध्यात पेरून 45व्या दिवशी बांधली, तर ऑक्टोबरअखेर ती संपली असं धरा. गुलाबीचा जोर खरा त्यानंतरच वाढतो, म्हणून बोंडं चिरणं थांबवायचं नाही. शेवटच्या वेचणीत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, तर उकलून बघा, आत अळी झोपलेली असते. हीच पुढच्या हंगामाची बीज-पिढी, आणि बीटीतून वाचलेली. फरदड ठेवणाऱ्यानं (वेचणीनंतरही तेच पीक पुढं लांबवणाऱ्यानं) मात्र दोरीवर एक रुपयाही घालू नये. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून रान मोकळं करणाऱ्यालाच ती परवडते.