जुन्या स्टील फ्रेमसाठी शिमानोचं यूएन३०० बॉटम ब्रॅकेट: घ्या, पण आधी आटे मोजा

जुनी स्टीलची रोड फ्रेम कमी खर्चात पुन्हा रस्त्यावर आणायची, तर नव्या पार्टवर पैसे घालायची पहिली जागा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचे दांडे (क्रँक) ज्यावर फिरतात तो एक्सल आणि त्याचे बेअरिंग. ब्रेकचे रबर बदलले की जुने ब्रेक चालतात, घासूनपुसून गिअर बदलणारा डिरेलरही चालतो. पण छर्रे ज्यात फिरतात त्या कपात खड्डे आणि एक्सलवर चर पडलेले असतील तर कितीही ग्रीस भरा, पॅडलखाली खरखर लागणारच. शिमानोचं यूएन३०० हे चौकोनी टोकांच्या एक्सलचं सीलबंद कार्ट्रिज या कामाला चोख आहे. बेअरिंग आत बंद असतात, त्यामुळे छर्रे मोजायचे नाहीत आणि खेळ काढत बसायचं नाही. बिघडलं तर मात्र ते उघडून दुरुस्त होत नाही, अख्खं बदलावं लागतं. आमच्या मते हा सौदा मान्य करण्यासारखा आहे.

खरी अडचण फ्रेमची असते. हे कार्ट्रिज इंग्लिश आट्यांचं: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, रोड फ्रेमला शेलची (फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बॉटम ब्रॅकेट बसतं तिची) रुंदी ६८ मिमी. इटालियन शेल ७० मिमी रुंद आणि आटे ३६ मिमी व्यासाचे, इंचाला २४. फ्रेंच आणि स्विस दोन्ही ३५ मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे. नळीवरचा स्टिकर यातलं काहीच सांगत नाही. प्यूजोची पीएक्स-१० रेनॉल्ड्स ५३१ या इंग्लिश नळ्यांची होती, आटे मात्र फ्रेंच. जुन्या रॅलेच्या काही फ्रेमना इंचाला २६ आटे असतात. त्यात नवं कार्ट्रिज दोन फेरे जातं आणि अडतं. तिथे जोर लावलात तर शेलचे आटे गेलेच म्हणून समजा. त्यामुळे खरेदीआधी जुन्या कपावर कोरलेले आकडे वाचा: १.३७ × २४, ३६ × २४ की ३५ × १. आकडे पुसले असतील तर व्हर्नियर आणि आटे मोजायची पट्टी लावा.

चेनच्या बाजूचा जुना कप काढताना बहुतेकांचा घाम निघतो. इंग्लिश आणि स्विस फ्रेममध्ये या बाजूला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर कप सुटतो. इटालियन, फ्रेंचला सरळ आटे. कपाच्या कडा इतक्या पातळ असतात की पाना घसरतो. त्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे जाड बोल्ट, नट आणि मोठे वायसर. एक्सल आणि दुसऱ्या बाजूचा कप आधी काढा, बोल्ट कपाच्या भोकातून बाहेरून आत घाला, दोन्हीकडून वायसर लावून करकचून आवळा आणि बोल्टचं डोकं काट्यांच्या दिशेने फिरवत राहा. बोल्ट जसा आणखी आवळतो तशी कपावरची पकड वाढते आणि उलट्या आट्यांचा कप त्याच दिशेने सुटतो. आदल्या रात्री दोन्ही बाजूंनी गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा.

एक्सलची लांबी अंदाजाने घेऊ नका. पुढे दोन चेनव्हील (क्रँकवरची दातेरी चाकं) असलेल्या रोड सायकलला चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हीलपर्यंतचं अंतर, ४३.५ मिमीच्या आसपास हवी. सीट ट्यूबच्या कडेपासून दोन चेनव्हीलच्या मधोमध अंतर मोजा आणि त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवा. नळी २८.६ मिमीची असेल तर १४.३. मोजलेलं अंतर २९ भरलं तर बेरीज ४३.३, म्हणजे उत्तम. दोन्ही बाजू सारख्या असलेला एक्सल २ मिमीने बदलला की चेनलाइन १ मिमीने सरकते. जुने एक्सल बरेचदा चेनच्या बाजूला लांब असतात, तेव्हा नुसती एकूण लांबी जुळवून भागत नाही. शिवाय एक्सलच्या चौकोनी टोकांची जेआयएस आणि आयएसओ अशी दोन मापं असतात, आणि शिमानोचा चौकोन जेआयएस मापाचा आहे. जुन्या कँपाग्नोलोचे क्रँक आयएसओ मापाचे असतात आणि या एक्सलवर साधारण ४.५ मिमी बाहेर बसतात. अशा जोडीला आमची शिफारस नाही.

बसवण्याआधी शेलचे आटे रॉकेल आणि पितळी ब्रशने घासा. सीट ट्यूबमधून उतरलेलं पाणी इथेच साचतं, म्हणून आतला गंज बोटाने चाचपून बघा. आट्यांना भरपूर ग्रीस लावा. मुख्य भाग चेनच्या बाजूने, काट्यांच्या उलट दिशेने, निदान चार-पाच फेरे नुसत्या हाताने गेला पाहिजे. तिरपा वाटला तर लगेच मागे घ्या. त्याची कड शेलला पूर्ण टेकली की डावी रिंग काट्यांच्या दिशेने. ताण ५० ते ७० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर ३० सेंमी दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा जोर म्हणजे ६०. कार्ट्रिज आवळायचं वीस खाचांचं टूल उथळ बसतं आणि जोर आला की उसळून खाचा सोलतं, म्हणून ते क्रँक बोल्ट आणि वायसरने एक्सलवर दाबून धरा.

क्रँक बोल्टला ३५ ते ५० न्यूटन-मीटर पुरे, आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. सैल क्रँकवर सायकल चालवली तर अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक पसरतं. असा क्रँक मग पुन्हा कधीच घट्ट बसत नाही.

फ्रेमवर कॉटर पिनचे (आडव्या खिळीने एक्सलला अडकवलेले) क्रँक असतील तर हे कार्ट्रिज घेऊ नका. त्याबरोबर क्रँकसेटही बदलावा लागतो आणि बजेट तिथेच संपतं. तेव्हा जुनंच ठेवा: कप आणि एक्सल गुळगुळीत असतील तर छर्‍यांची जाळी काढून टाका आणि दोन्ही बाजूंना पाव इंची ११-११ नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवा.