पॅनल कामाचं, सपोर्ट रामभरोसे

ऐन आंबियाच्या तोडणीत वरुडच्या आमच्या संत्रा गटाची वेबसाइट गायब. साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवली त्या होस्टिंगवाल्याच्या सपोर्टचं एकच पालुपद, 'सर, तुमचं नेट तपासा.' अहो भाऊ, नेट नसतं तर तुमच्याशी चॅट कशावर करून राहिलो?

शेवटी सीपॅनलमधलं, म्हणजे साइट सांभाळायच्या पॅनलमधलं, 'ट्रॅक डीएनएस' उघडलं. डोमेनच्या नोंदी तिथं पाहता येतात. डोमेन टाकून लुकअप केलं, तर ए रेकॉर्डमध्ये (डोमेन कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ती नोंद) जुनाच आयपी, म्हणजे जुन्या सर्व्हरचा पत्ता. सर्व्हर यांनीच बदलला अन् रेकॉर्ड तसाच ठेवला! झोन एडिटरमध्ये, म्हणजे या नोंदी बदलायच्या जागी, जाऊन नवा आयपी भरला, सेव्ह केलं. टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो आकडा, 14400 सेकंद होता. म्हणून जुना पत्ता कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) चार तासांपर्यंत टिकू शकतो. तेवढा दम धरावाच लागते. मेल दुसरीकडे असेल तर एमएक्सच्या ओळीला (मेल कुठं पोचवायचा ती नोंद) मात्र हात लावू नका.

तिथंच ट्रेस राउटही आहे. आपलं कॉम्प्युटर अन् सर्व्हर यांच्यामधला रस्ता दाखवते. मधात नुसत्या चांदण्या (*) दिसल्या म्हणून घाबरायचं नाही, रस्त्यातले काही राउटर (डेटा पुढं धाडणारी यंत्रं) उत्तरच देत नाहीत.

पॅनलला चार तारे. सपोर्टला एक, तोही पोरगा गोड बोलला म्हणून.