३६०० ची म्हणून विकलेली रॅम आणि मदरबोर्डाच्या मर्यादेआडची फसवणूक

संगणक असेंबल करून घेताना ‘३६०० ची रॅम’ म्हणून जास्त पैसे घेऊन मला दोन मॉड्यूल, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, विकण्यात आले. त्या संगणकात ते ३६०० च्या वेगाने कधीच चालणार नव्हते, आणि पुढे तपासणीत असेही निघाले की ते मुळात ३६०० चे नव्हतेच. पहिल्या गोष्टीच्या आडोशाने दुसरी झाकली गेली होती. हा प्रकार इतक्या सहज खपून जाण्यासारखा आहे की तो तपशिलाने सांगणे मला गरजेचे वाटते.

संच विक्रेत्यानेच सुचवला होता: इंटेल कोअर आय५-१०४०० प्रोसेसर, बी४६० चिपसेटचा (बोर्डावर काय चालेल हे ठरवणाऱ्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड आणि आठ-आठ जीबीचे दोन डीडीआर४ मॉड्यूल, ज्यांच्या धातूच्या आवरणावरील स्टिकरवर ३६०० हा आकडा ठळक छापलेला होता. संगणक घरी आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग २६६६ दिसला. विचारणा केल्यावर आधी उत्तर मिळाले की रॅम नवी आहे, वापरात आली की वेग आपोआप वाढेल. ते मान्य केले नाही तेव्हा सांगण्यात आले की दोन मॉड्यूल ड्युअल चॅनलमध्ये लावलेले असल्यामुळे २६६६ ची दुप्पट धरायची, म्हणजे ३६०० पेक्षाही जास्तच मिळत आहे.

ही दोन्ही उत्तरे धादांत खोटी आहेत. रॅमचा वेग वापराने वाढत नाही. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, जो वेग ठरवते, त्याच वेगाने ती चालते. ड्युअल चॅनलमुळे डेटाचा मार्ग ६४ बिटांऐवजी १२८ बिटांचा होतो आणि एका वेळी दुप्पट माहिती जाते हे खरे; पण प्रत्येक मॉड्यूलचा वेग आहे तोच राहतो, आणि ३६०० ची रॅम घेतली असती तरी ही दुप्पट तिलाही मिळालीच असती. शिवाय २६६६ हा आकडाच मुळात दुप्पट करून सांगितलेला असतो. मेमरीच्या घड्याळाचा प्रत्यक्ष वेग १३३३ मेगाहर्ट्झ असतो आणि डीडीआर मेमरी प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते. संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १३३३ दिसते ते याचमुळे. हा आकडा पाहून घाबरू नये, आणि कोणी तो पुन्हा दुप्पट करून दाखवू लागले तर ऐकूनही घेऊ नये.

तिसरे उत्तर जास्त धोक्याचे होते, कारण त्यातला अर्धा भाग खरा होता: ‘बोर्डाचे लिमिट आहे, रॅम ३६०० चीच आहे, पुढे बोर्ड बदलाल तेव्हा पूर्ण वेग मिळेल.’ रॅमशी होणारी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे रॅमच्या वेगाची पहिली मर्यादा प्रोसेसर घालतो. आय५-१०४०० साठी इंटेलने ती डीडीआर४-२६६६ अशी जाहीर केलेली आहे. तिच्यापुढे जाणे हे ओव्हरक्लॉकिंग ठरते आणि त्याला चिपसेटची परवानगी लागते. झेड४९० ती देतो, बी४६० आणि एच४१० देत नाहीत. बी मालिकेत ही मोकळीक २०२१ च्या बी५६० पासून आली. म्हणजे रॅमवर कोणताही आकडा छापलेला असो, माझ्या संचात ती २६६६ च्या वर जाणे शक्यच नव्हते. एका चॅनलच्या हिशेबात बोलायचे तर सेकंदाला २८.८ जीबीच्या नावाखाली २१.३ जीबी हाती आले. बोर्ड आणि रॅम दोन्ही एकाच माणसाने निवडून दिले होते, त्यामुळे ही मर्यादा त्याला माहीत नव्हती असे मानायला मी तयार नाही.

खरी गोम पुढेच होती. प्रत्येक मॉड्यूलवर एसपीडी नावाची छोटी चिप असते आणि ते मॉड्यूल कोणत्या वेगांसाठी बनवले आहे याची नोंद तिच्यात असते. ३६०० हा वेग मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या डीडीआर४ मानकात येतच नाही, ते मानक ३२०० वर थांबते. म्हणून ३६०० ची रॅम त्या वेगासाठी वेगळी एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे त्या वेगाची तयार नोंद, सोबत आणते, आणि त्यात बहुधा १.३५ व्होल्ट दाब नोंदलेला असतो. बोर्ड ती प्रोफाइल वापरू देत नसला, तरी सीपीयू-झेडच्या एसपीडी विभागात तिचा रकाना दिसायला हवा. माझ्या दोन्ही मॉड्यूलमध्ये तो रकाना नव्हताच. सगळ्या नोंदी २६६६ वर संपत होत्या, दाब १.२ व्होल्ट होता आणि तिथे दिसणारा पार्ट नंबर स्टिकरवरील क्रमांकाशी जुळत नव्हता. साध्या मॉड्यूलवर भारी आवरण चढवून ते विकले गेले होते, आणि बोर्डच ३६०० पर्यंत जात नसल्यामुळे हे उघड होण्याची भीती विक्रेत्याला नव्हती.

पावतीवर केवळ ‘१६ जीबी डीडीआर४’ एवढेच लिहिलेले होते. वेग आणि पार्ट नंबर यांचा उल्लेख नसल्याने ३६०० चे आश्वासन सिद्ध करायला हातात कागद नव्हता. स्टिकर आणि एसपीडीचा पडदा एकाच छायाचित्रात घेऊन दाखवल्यावरच मॉड्यूल परत घेतले गेले. म्हणून पावतीवर पार्ट नंबर लिहून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तिथल्या तिथे एसपीडी विभाग उघडायला सांगावा. नव्या संचातही हीच काळजी हवी. एच६१० बोर्डावर डीडीआर४ रॅम ३२०० च्या पुढे जात नाही, आणि रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरला दोन डीडीआर५ मॉड्यूलसाठी ५२०० ची अधिकृत हमी असली तरी चार मॉड्यूल लावल्यावर ती ३६०० वर येते. चार मॉड्यूलचा ६००० चा संच कोणी आग्रहाने गळ्यात मारत असेल, तर हा वेग चारही जागा भरल्यावर मिळेल का, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.