रिपीटमॉडेलर, आठ महिन्यांनी: 64 कोअर मागितले, राबला एकच

माझं काम एडिस इजिप्तीवर, म्हणजे डेंग्यूच्या डासावर. 2018 ची असेंब्ली (जोडून तयार केलेला जीनोम), साधारण 1.28 अब्ज बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. मलेरियाच्या ॲनोफिलिस गॅम्बीचा जीनोम याच्या पाव भागाहूनही लहान. एवढा फुगवटा मुख्यतः ट्रान्सपोझेबल एलिमेंट्सचा, म्हणजे टीईंचा: जीनोममध्ये उड्या मारत स्वतःच्या प्रती वाढवणारे डीएनएचे तुकडे. ते शोधायला आधी रिपीटमॉडेलर, जो पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या कुटुंबांची यादी करतो; मग रिपीटमास्कर, जो त्या यादीवरून जीनोममधल्या प्रती शोधून झाकतो, म्हणजे मास्क करतो.

इन्स्टॉलची भीती होती, पण टीईटूल्सचा तयार कंटेनर (सगळी सॉफ्टवेअर एकत्र बांधलेलं पॅकेज) सिंग्युलॅरिटी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर एका दुपारी चालू झाला.

रिपीटमॉडेलरला मात्र मी हौसेने क्लस्टरवर 64 कोअर दिले. जॉब संपल्यावर मागितलेल्यापैकी खरंच किती वापरलं ते सांगणारी 'सेफ' (seff) कमांड मारली आणि आकडा बघून लाज वाटली. आतला रेकॉन हा भाग बराचसा एकाच कोअरवर चालतो आणि दर फेरीला नमुना मोठा होत गेल्यामुळे शेवटची फेरी संपता संपत नाही. आता 16 कोअर मागतो, रांगेतही नंबर लवकर लागतो. वेळमर्यादा संपून जॉब मेला तर पुढे चालू करण्याचा रिकव्हरडिर हा पर्याय वापरायचा; पूर्ण झालेल्या फेऱ्या वाचतात, अर्धवट राहिलेली पुन्हा पहिल्यापासून.

रिपीटमास्कर याच्या अगदी उलट. जीनोमचे तुकडे करून वाटतो, त्यामुळे कोअर वाढवले की वेळ खरंच घटतो. फक्त आतलं शोधइंजिन आरएमब्लास्ट असेल तर 'पीए'चा, म्हणजे एकावेळी चालणाऱ्या कामांचा, आकडा चाराने गुणला की खरे थ्रेड कळतात. मी 16 कोअर घेऊन पीए 16 लिहिलं, म्हणजे 64 थ्रेड. दुसऱ्या दिवशी ॲडमिनचा मेल. चूक माझीच, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं.

खरा घाम निघाला तो रिपीटमॉडेलरची यादी हातात आल्यावर. फेइलाइ हे एडिसमधलं जुनं, माहीत असलेलं साइन (आखूड टीईंचा एक प्रकार) कुटुंब. माझ्या यादीत ते दोन नावांनी आलं होतं. 80-80-80 च्या नियमाने, म्हणजे किमान 80 बेस, 80 टक्के लांबी आणि 80 टक्के साम्य बघून, ते जोडलं. 'अननोन'मधलं, म्हणजे प्रकार न ओळखलेल्या कुटुंबांतलं, एक घबाड माहीत असलेल्या प्रथिनांशी ताडून बघणाऱ्या ब्लास्टएक्सला दिलं तर निघाली हिस्टोनची, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांची, जनुकं! अनेक प्रती दिसल्या की या सॉफ्टवेअरला सगळंच रिपीट वाटतं. तसंच मास्क केलं असतं तर पुढे जनुकं शोधताना ती गायबच झाली असती.

लहान जीनोमवाल्यांनी बिनधास्त वापरा. मोठा असेल तर क्लस्टरच्या तासांपेक्षा स्वतःचे महिने आधी मोजा. माझे तीनशेच्या वर अननोन अजून बाकी आहेत. रोज सकाळच्या चहाआधी दहा बघतो.