डायरवुल्फ: पॅकेट का हुकलं ते सांगणारा मॉडेम

एपीआरएस म्हणजे हौशी रेडिओवरून स्थान आणि छोटे संदेश डेटा पॅकेटांतून पाठवायची पद्धत. त्यासाठी आता वेगळा टीएनसी (रेडिओ आणि संगणक जोडणारा मॉडेम) विकत घ्यायची गरज नाही. जॉन लँग्नर (कॉलसाइन, म्हणजे रेडिओ परवान्यावरची ओळख: डब्ल्यूबी२ओएसझेड) यांचं डायरवुल्फ हे मोफत सॉफ्टवेअर साउंड कार्डावर तेच काम करतं, विंडोजवर आणि लिनक्सवर, रास्पबेरी पायवरसुद्धा.

त्याची खरी ताकद डिकोडिंगमध्ये आहे. १२०० बॉडचं पॅकेट म्हणजे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर. समोरच्याने डेटा पोर्टमधून सपाट, म्हणजे वरचे सूर न उचललेला, आवाज सोडला आणि आपण तो स्पीकरमधून घेतला, की डी-एम्फसिसमुळे (रिसीव्हर वरचे सूर कमी करतो त्यामुळे) वरचा सूर सुमारे ५ डेसिबलने दबतो. साधे डिकोडर इथेच पॅकेट गमावतात. डायरवुल्फ दोन्ही सुरांची वेगवेगळी प्रमाणं एकाच वेळी तपासून बघतो. शिवाय प्रत्येक पॅकेटसोबत ऑडिओ लेव्हल छापतो आणि कंसात दोन्ही सुरांची पातळी देतो. लेव्हल ५०च्या आसपास ठेवा. त्याहून बरीच वर गेली तर आवाज फाटतो. नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी या एका ओळीमुळे संपते.

रास्पबेरी पायला ऑडिओ इनपुट नाही, म्हणून यूएसबी साउंड कार्ड लागेलच. हँडीवर (हातातल्या रेडिओवर) बॅटरी सेव्हर बंद करा आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा, नाहीतर पॅकेटची सुरुवात कापली जाते. पीटीटी (प्रक्षेपण सुरू करायची कळ) व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप दाबली जाईल अशी, ठेवू नका: पॅकेट संपल्यावरही वाहक लहर काही काळ चालू राहते आणि समोरून आलेलं उत्तर तिच्याखाली दडपतं. जीपीआयओ पिन किंवा सिरीयल पोर्टच्या आरटीएस तारेने रिगची (रेडिओची) पीटीटी दाबा. टीएक्सडीले (पीटीटी दाबल्यापासून डेटा सुरू होईपर्यंतचा वेळ) ३० म्हणजे ३०० मिलिसेकंद, बहुतेक रिगना पुरतात.

फक्त ऐकायचं असेल तर आरटीएल डोंगल (यूएसबीत लावायचा स्वस्त रिसीव्हर) पुरे. त्याचा आरटीएल-एफएम हा प्रोग्रॅम सेकंदाला २४००० नमुन्यांनी आवाज देतो. डायरवुल्फलाही तोच दर सांगा, नाहीतर एकही पॅकेट उलगडणार नाही. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा डिजिपीटर (ऐकलेलं पॅकेट पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) चालू असेल, तेव्हा हा जोड तपासायला उत्तम. आयगेट (ऐकलेली पॅकेटं इंटरनेटवर पोचवणारं केंद्र) करायचा असेल तर कॉलसाइन आणि पासकोड लागतो.

उणीव एकच, पण मोठी: नकाशा नाही. सगळं काळ्या खिडकीत आणि एका मजकूर फाइलीत. नकाशासाठी पोर्ट ८०००वर झास्टिर हा नकाशाचा प्रोग्रॅम जोडावा लागतो. खिशातल्या ट्रॅकरसाठी हे साधन नव्हे; शॅकमधल्या (घरच्या रेडिओ खोलीतल्या) कायमच्या केंद्रासाठी मात्र यापेक्षा चांगलं काही सुचवता येणार नाही.

डिजिपीटर चालू करण्याआधी चार दिवस चॅनेल ऐका. शेजारी उंचावर चांगला डिजी असेल तर आपला फक्त वाइड१-१ला (पॅकेटवरच्या पहिल्या टप्प्याच्या मार्गाला) उत्तर देणारा ठेवा, आणि स्थिर केंद्राचा बीकन (स्वतःची ओळख सांगणारं पॅकेट) ३० मिनिटांतून एकदाच.