मिक्स्ड कंटेंट: हेडर, सीएसपी की सब-फिल्टर?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं काम माझ्याकडे आहे. ऑर्डरचं पोर्टल एक, स्टॉकचं अ‍ॅप दुसरं, आणि दोन्हींच्या पुढे एकच एनजिनएक्स, म्हणजे बाहेरच्या रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मागच्या अ‍ॅपकडे देणारा सर्व्हर. एचटीटीपीएस चालू केलं त्या दिवशी पोर्टल नीट उघडलं, पण स्टॉकचा तक्ता रिकामा. कन्सोलमध्ये लाल ओळ: मिक्स्ड कंटेंट, रिक्वेस्ट अडवली. म्हणजे एचटीटीपीएसच्या पानाने साध्या एचटीटीपीवरून काही मागितलं आणि ब्राउझरने ते रोखलं. आमच्या कोडमध्ये तर एचटीटीपीचा एकही पत्ता नव्हता. नेटवर्क टॅब उघडल्यावर उलगडा झाला. पोर्टल 'स्टॉक' मागत होतं, स्टॉकच्या अ‍ॅपमागच्या फास्टएपीआय या पायथन फ्रेमवर्कच्या रूटला शेवटी तिरकी रेघ हवी होती, म्हणून ते ३०७ (रिडायरेक्ट, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा') देऊन रेघ असलेल्या पत्त्याकडे पाठवत होतं. तो पत्ता मात्र एचटीटीपीने सुरू होत होता.

कारण एन्क्रिप्शन एनजिनएक्सपाशी संपतं. मागच्या अ‍ॅपला साधी एचटीटीपी रिक्वेस्ट मिळते आणि पूर्ण पत्ता बनवायची वेळ आली की ते तसाच बनवतं.

यावर तीन उपाय आहेत: हेडर, सीएसपी आणि सब-फिल्टर. माझा पहिला कौल हेडरला, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीला. एनजिनएक्सने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये मूळ स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस) पाठवायची आणि अ‍ॅपने ती मानायची. लोक यातलं अर्धंच काम करतात, मीही तेच केलं होतं. हेडर जात होता, पण फास्टएपीआय चालवणारा सर्व्हर युव्हिकॉर्न मुळात फक्त १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेल्या हेडरवर विश्वास ठेवतो आणि डॉकरमध्ये प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालतं, म्हणून एनजिनएक्सचा आयपी वेगळा असतो. विश्वासाच्या यादीत तो आयपी घातला आणि तक्ता भरला. जँगो या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कमध्ये हेच काम सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर या सेटिंगने होतं, लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये ट्रस्ट प्रॉक्सीजने. फक्त अ‍ॅपचं पोर्ट बाहेरून उघडं ठेवू नका, नाहीतर कोणीही खोटा हेडर पाठवेल.

सीएसपी म्हणजे पानाने काय लोड करायचं याचे ब्राउझरला दिलेले नियम. त्यातलं अपग्रेड-इन्सिक्युअर-रिक्वेस्ट्स एका ओळीत बसतं, म्हणून मोह होतो. ब्राउझर स्वतःच पत्ता एचटीटीपीएस करून मग रिक्वेस्ट पाठवतो. पण पत्त्यात ८००० असं पोर्ट असेल तर ते तसंच राहतं आणि तिथे टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) नसलं की रिक्वेस्ट पडते. अ‍ॅपने पाठवलेल्या ईमेलमधल्या लिंकही जुन्याच राहतात. गुजरीतल्या एखाद्या सराफाच्या जुन्या वर्डप्रेसमध्ये शेकडो फोटोंचे पत्ते डेटाबेसमध्येच एचटीटीपी असतील, तर तिथे हेडरचा उपयोग नाही. तिथे ही ओळ आजच्या आज लावा. मग बॅकअप घेऊन डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाच्या सर्च-रिप्लेसने, आधी ड्राय-रन (काहीही न बदलता चाचणी) करून, पत्ते बदला.

सब-फिल्टर म्हणजे एनजिनएक्सने उत्तरातला मजकूरच बदलायचा. बॅकएंडने जीझिप (कॉम्प्रेस) केलेलं उत्तर पाठवलं तर ते चालत नाही. मुळात फक्त एचटीएमएल तपासलं जातं, जेसनला, म्हणजे अ‍ॅपने पाठवलेल्या डेटाला, हात लागत नाही. प्रत्येक शब्द पहिल्यांदा सापडला की थांबायचं, हीही डिफॉल्ट सवय. रिडायरेक्टचा नवा पत्ता सांगणाऱ्या लोकेशन हेडरसाठी प्रॉक्सी-रिडायरेक्ट वेगळं लिहावं लागतं. ज्या सॉफ्टवेअरचा कोड किंवा सेटिंग तुमच्या हातात नाही, तिथेच हा मार्ग घ्या.

काहीही निवडलंत तरी आधी कर्ल या कमांडने फक्त हेडर मागवा आणि लोकेशनची ओळ वाचा. तिथे एचटीटीपी दिसलं तर दोष रिडायरेक्टमध्ये आहे, पानाच्या मजकुरात शोधत बसू नका.